जिन्यावरचा अबोला

तीर्थस्वरूप आईंना,

थोरल्या जावयाचा नमस्कार. दरवेळसारखा वाकून केलेला नाही, कारण सध्या मी एकदा वाकलो की मला सरळ करायला दोन माणसं लागतात आणि आत्ता खोलीत एकच आहे, तेही माझ्याशी बोलत नाही. तेव्हा बसल्या जागेवरूनच हात जोडतो, म्हणजे एकच जोडतो, दुसरा प्लास्टरमध्ये आहे. तुमचा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी दिलेलं तेल चोळता, की बाटली खिडकीत ठेवून तिच्याकडे नुसतं बघता? शेजारणीचं मांजर अजून तुमच्याकडेच जेवतं का? इकडे तुमची थोरली लेक ठणठणीत आहे, आवाजावरून तरी तसंच वाटतं. धाकटीही मजेत आहे. दोघी बहिणी रोज फोनवर खिदळत असतात आणि मी खोलीत शिरलो की खिदळणं बंद होतं, यावरून विषय कोणता असतो ते तुम्हीच ओळखा. हे सगळं फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तुम्ही दोन वाक्यं ऐकता, बरं बरं म्हणता आणि ठेवून देता. मला यावेळी पूर्ण ऐकून घेणारं माणूस हवं आहे.

अक्षर ओळखीचं वाटलं असेल. बरोबर आहे. पत्र मी सांगतोय आणि लिहितोय तुमचा धाकटा जावई. आता तुम्ही म्हणाल, तुम्हा दोघा साडूंमध्ये तर अबोला आहे ना? आहे. चांगला कडकडीत आहे. मी त्याच्याशी बोलत नाहीये, मी तुमच्याशी बोलतोय, फक्त जरा मोठ्याने. तोही माझं ऐकत नाहीये, नुसतं लिहून घेतोय. कोणाचाही शब्द मोडलेला नाही. ही सगळी योजना तुमच्या थोरल्या लेकीची. मी तिला म्हटलं, आईंना सविस्तर कळवायला हवं, माझा हात हा असा, तर तू लिही. म्हणाली, मला भाजी चिरायची आहे. थोड्या वेळाने दार वाजलं आणि हा पेन घेऊन दारात उभा. भाजी अजून चिरलेली नाही. (आई, नमस्कार. कंसात जे दिसेल ते माझं, बाकीचं सगळं यांचं. मला बायकोने पाठवलंय, मी स्वतःहून आलेलो नाही. तुमचा धाकटा.) आता बघा, मी गप्प बसलोय तरी याचं पेन चालूच आहे. काय खरडतोय देव जाणे. विचारायची सोय नाही.

तर आई, मी पडलो. नुसता पडलो नाही, कामावर पडलो, जिन्यात पडलो, गिऱ्हाइकासमोर पडलो आणि पालथा न पडता बसल्या बसल्या पडलो. एकेका पायरीवर थोडा थोडा मुक्काम करत खाली गेलो. उजवं मनगट मोडलं, डावा घोटा सुजला आणि माकडहाडाला असा मार बसला की हाडांचे डॉक्टर फोटो बघून आधी गालातल्या गालात हसले आणि मग गंभीर झाले. बसायला मऊ, मधे भोक असलेलं काहीतरी घ्या म्हणाले. तुमच्या लेकीने तुमच्या नातवंडांचं पोहायचं रबरी चाक आणून दिलं. त्याला पुढे बदकाचं डोकं आहे. गेले कित्येक दिवस मी त्या बदकावर बसून भेटायला येणाऱ्यांचं सांत्वन स्वीकारतो आहे. येणारा प्रत्येक माणूस आधी बदकाकडे बघतो.

पण नुसतं पडलो म्हणून सांगितलं तर तुम्ही म्हणाल, वय झालं, जपून चालावं. वयाचा काही संबंध नाही. संबंध कशाचा आहे ते कळायला आमचं काम कसं चालतं ते तुम्हाला सांगायला हवं. इतकी वर्षं दोन्ही लेकी ज्यांना दिल्यात ते नक्की काय करतात, याची तुम्ही कधी चौकशीच केली नाही. 'सामान हलवतात' एवढंच तुम्ही लोकांना सांगता. अहो, सामान कोणीही हलवतो. आम्ही जड सामान हलवतो. कपाटं, तिजोऱ्या, पिठाच्या गिरण्या, एकदा तर एका पैलवानाचा अख्खा आखाडा, वजनांसकट. आणि जड वस्तू जिन्यावरून न्यायची म्हणजे दोन माणसं लागतात, एक उलटा आणि एक सुलटा. उलटा पुढे असतो, खालच्या बाजूला, तोंड वस्तूकडे आणि पाठ जगाकडे. त्याला काही दिसत नाही. सुलटा मागे, वरच्या बाजूला. त्याला सगळं दिसतं. म्हणून आमच्यात कायदा असा की सुलट्याने बोलायचं आणि उलट्याने ऐकायचं. 'पायरी.' 'वळण.' 'उंबरा.' 'ओलं.' एवढ्याच शब्दांवर आमचा संसार चालतो. उलटा माणूस स्वतःच्या डोळ्यांनी चालतच नाही, तो सुलट्याच्या तोंडाने चालतो. मी कायम उलटा. पहिल्या दिवसापासून. याच्या तोंडावर माझे पाय इतकी वर्षं चालले आणि कधी साधी ठेच लागली नाही. (हे खरं आहे.)

आता अबोला का झाला. तुमच्या कानावर धाकटीची बाजू आलीच असेल, ती खोटी आहे. (खरी आहे.) झालं असं की याच्या डोक्यात ट्रॉली शिरली. जिना उतरणारी ट्रॉली. हिला दोन्ही बाजूंना तीन-तीन चाकं असतात, ती पायरीवरून टपटप उतरत जाते आणि माणसाने फक्त दांडा धरायचा. मोबाईलवर तिचा फोटो उघडून हा सारखा माझ्या नाकासमोर धरायचा. जेवताना ट्रॉली, टेम्पोत ट्रॉली, तिजोरी खांद्यावर असतानाही ट्रॉली. म्हणे पाठी वाचतील. एका दुपारी आमच्याकडे सगळे जेवायला होते, तेव्हा याने पुन्हा तो फोटो दाखवला आणि माझ्या तोंडून निघून गेलं की ज्याच्या खांद्यात दम नसतो त्यालाच चाकं लागतात. झालं. सगळे हसले. मुलंही हसली. आणि हा ताटावरून उठला, हात धुतले आणि घरी गेला. मला वाटलं, दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पोत बसल्यावर नेहमीसारखा बडबड सुरू करेल. नाही केली. मी म्हटलं, ठीक आहे, मी मोठा आहे, मी का आधी बोलू? त्याचं म्हणणं, लागेल असं बोललं कोण? मग आधी बोलायचं कोणी? (हे माझं म्हणणं त्यांना कसं कळलं? मी तर कोणाला बोललो नव्हतो. बायकोला फक्त.)

पण पोट काही अबोल्यावर चालत नाही. कामं होती, ती करायची होती, आणि उलट्याला पायरी तर सांगायलाच हवी. तेव्हा याने एक युक्ती काढली. डोकं आहे त्याला, नाही असं मी कधी म्हटलं नाही. हा माझ्याशी न बोलता सामानाशी बोलायला लागला. एखादं कपाट उतरवताना म्हणायचा, कपाटा, आता पायरी आहे बरं का. कपाटा, डावीकडे हो. मी ते ऐकायचो आणि पाय टाकायचो. मलाही काही विचारायचं झालं तर मी कपाटालाच विचारायचो, का रे कपाटा, अजून किती उतरायचं? आणि हा कपाटाच्या वतीने उत्तर द्यायचा. इतकी सवय झाली की एकदा एका आजोबांचं घड्याळाचं उंच कपाट आम्ही एवढं प्रेमाने बोलत खाली आणलं की आजोबांचे डोळे पाणावले. म्हणाले, आजकाल वस्तूंवर इतकी माया कोण करतं! त्यांनी आमची कीर्ती अख्ख्या गल्लीत केली आणि त्यातूनच आम्हाला दातांच्या डॉक्टरीणबाईंचं काम मिळालं. म्हणजे बघा, पडायला मी आपल्या कीर्तीमुळे गेलो.

या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना वरच्या मजल्यावर होता. म्हाताऱ्या पेशंटना चढवत नाही म्हणून त्या तो तळमजल्यावर नेत होत्या. बाकी किरकोळ सामान, पण त्यात ती खुर्ची. आई, तुम्ही त्या खुर्चीत बसला असाल पण तिला उचललं नसेल. आपल्या जन्माच्या वैऱ्यालाही ती उचलायला लागू नये. वरून गादी दिसते, खाली नुसतं लोखंड. धरायला कुठे जागा नाही, जिथे धरावं तिथून काहीतरी फिरतं, आणि मधेच ती आपोआप आडवी होते. आम्ही तिला पट्टे बांधले, मी खाली, हा वर, आणि निघालो. हा नेहमीप्रमाणे म्हणाला, खुर्ची, पायरी आहे हं. मी म्हटलं, खुर्ची, दमाने घे गं. असे अर्धा जिना उतरलो तर वरच्या कठड्याशी डॉक्टरीणबाई उभ्या. त्यांनी थोडा वेळ ऐकलं आणि मग त्यांना हसू फुटलं. असं हसू की त्यांना कठडा धरावा लागला. म्हणाल्या, अहो, तुम्ही दोघं एकमेकांशी बोलत नाही का?

काय सांगू आई, एवढी लाज मला कधी वाटली नव्हती. घरातली गोष्ट परक्या बाईने एका नजरेत ओळखली. मी खाली मान घातली. माझी मान आधीच खुर्चीत होती, ती आणखी आत घातली. आणि हा तर एकदम गप्प. आता याला पुढची पायरी दिसत होती. नुसती पायरी नव्हे, ओली पायरी. जिना झाडणाऱ्या बाईंनी, एवढी मोठी खुर्ची येणार म्हणून, आमच्या सोयीसाठी तेवढ्यातच खालचा अर्धा जिना पुसून काढला होता. चांगला साबण घालून पुसला होता. भल्या बाई आहेत, माझा त्यांच्यावर राग नाही. तर याला ओलं दिसलं. आता हा खुर्चीला सांगणार, तर डॉक्टरीणबाई पुन्हा हसणार. मला सांगणार, तर हा हरणार. काय करावं याचा हा विचार करत राहिला, आणि तेवढ्यात मी त्या पायरीवर पाय ठेवला. (मी तोंड उघडलं होतं. शब्द बाहेर यायला एका क्षणाचा उशीर झाला. तो क्षण मला रोज आठवतो, आई. जेवताना पण आठवतो.) अजून लिहितोय. मी कधीचा थांबलोय.

पुढचं मला तुटक तुटक आठवतं. पाय गेला, आभाळ दिसलं, म्हणजे छत दिसलं, आणि मग पायऱ्या मोजत खाली. कोपऱ्यात भिंतीला टेकून थांबलो आणि वर बघतो तर खुर्ची माझ्या मागोमाग येतेय. आता आमच्यातला दुसरा कायदा ऐका. वजन सुटलं की सोडायचं. हात काढायचा आणि बाजूला व्हायचं. वस्तू फुटली तर फुटू दे, तिचं नुकसान भरून देता येतं, माणसाचं येत नाही. जो धरून ठेवायला जातो तो वस्तूबरोबर खाली जातो. हे मीच याला शिकवलं आहे, पहिल्याच दिवशी, याच्या लग्नाची हळद उतरायच्या आधी. आणि या गाढवाने काय केलं? सोडलं नाही! पट्टा दोन्ही हातांना गुंडाळला, पाय कठड्यात अडकवला आणि पायरीवर मागे रेलून बसला. ते सगळं लोखंड एकट्याने धरून ठेवलं. डॉक्टरीणबाई आणि झाडणाऱ्या बाई धावत येऊन टेकू देईपर्यंत धरून ठेवलं. खुर्ची माझ्या पायांच्या अलीकडच्या पायरीवर थांबली. मला तिच्यावरचं गुळणी टाकायचं भांडं दिसत होतं, इतकी जवळ. याच्या तळहातांची सालटी निघाली. म्हणून अक्षर असं वाकडंतिकडं आलंय, त्याला नावं ठेवू नका. पट्ट्या बांधलेल्या हाताने लिहितोय. सोडायला हवं होतं त्याने. मला याचा अजून राग येतो. खांदा निखळला असता, पाठ गेली असती, धाकटीला मी काय तोंड दाखवलं असतं? (सोडलं असतं तर खुर्ची यांच्या अंगावर गेली असती. मग मी अबोला कोणाशी धरला असता?)

आणि अबोला म्हणाल तर तो तेव्हाही मोडला नाही, याचं मला कौतुक वाटतं की काय वाटतं ते सांगता येत नाही. खुर्ची टेकली, हा धडपडत खाली आला, चेहरा पांढराफटक. माझ्यासमोर उकिडवा बसला. ओठ हलले. मग मान वळवून खुर्चीकडे बघत म्हणाला, खुर्ची, फार लागलं का गं? त्यावर डॉक्टरीणबाई घाईघाईने म्हणाल्या, नाही नाही, खुर्चीला काही झालं नाही, तुम्ही या माणसाकडे बघा! मी खुर्चीला सांगितलं, नाही गं, थोडंसंच. आणि मग मला भोवळ आली. शुद्धीवर आलो तर डॉक्टरीणबाई माझ्यावर वाकल्या होत्या. शेवटी त्याही डॉक्टरच, पेशंट दिसल्यावर हात शिवशिवणारच. सवयीने म्हणाल्या, तोंड उघडा. मी उघडलं. मनगट मोडलेलं, घोटा सुजलेला, बुडाखाली हात घालवत नाही, आणि त्यांनी टॉर्च मारून सांगितलं की मागची एक दाढ किडली आहे. ती खुर्ची आता तळमजल्यावर व्यवस्थित बसली आहे. प्लास्टर निघालं की दाढेसाठी मलाच तिच्यात जाऊन बसायचं आहे.

घरी आल्यापासून तुमच्या थोरल्या लेकीने मला फुलासारखं जपलंय असं लिही म्हणून तिने आतून ओरडून सांगितलंय, तेव्हा तसं लिहितो. खरं म्हणजे ती दिवसातून एकदा माझ्यासमोर उभी राहते, कमरेवर हात ठेवते आणि म्हणते, चाकं घेतली असती तर? एवढंच म्हणते आणि जाते. उत्तराला थांबत नाही. धाकटी परवा येऊन गेली. तिने माझ्या प्लास्टरवर ट्रॉलीचं चित्र काढलं. बऱ्यापैकी काढलंय, चाकं जरा लहान मोठी झालीत. मी ते पुसायला सांगितलेलं नाही, कारण प्लास्टरवरचं पुसत नाही.

आणि आता एक बातमी, म्हणजे मला तिच्याशी काही देणंघेणं नाही, पण तुम्ही घरातल्या मोठ्या म्हणून कानावर घालतो. एका क्रेनवाल्या कंपनीने याला नोकरीला बोलावलं आहे. पुढच्या महिन्यापासून. तिथे म्हणे सगळं यंत्राने उचलतात, माणसं नुसती बटणं दाबतात आणि गणवेश घालून हिंडतात. हे याने मला सांगितलं नाही, कसं सांगणार? याने बायकोला सांगितलं, तिने तुमच्या थोरल्या लेकीला, आणि तिने मला सांगितलं, तेही मी प्लास्टरच्या आत पट्टी घालून खाजवत असताना. जावं खुशाल. जाऊ दे. क्रेनशी बोल म्हणावं, ऐकते का बघ. मी कोणाच्या पाया पडणार नाही, या महिन्यात पडायचं तेवढं पडून झालं आहे. हात बरा झाला की मी दुसरा सुलटा बघेन. शहरात धडधाकट माणसांची वानवा आहे का? आमच्या खालच्या मजल्यावरचा एक जण येतो म्हणालाय. त्याला तोतरेपण आहे, पायरी म्हणेपर्यंत पायरी येऊन गेलेली असेल, पण ते बघता येईल. (मी त्या लोकांना अजून होकार दिलेला नाही. त्यांना या रविवारपर्यंत उत्तर हवंय.)

तर असं आहे सगळं. काळजी करण्यासारखं काही नाही. भूक चांगली लागते, झोप उताणी सोडून बाकी सगळ्या बाजूंनी येते. तेल चोळत जा. मांजराला एवढं डोक्यावर बसवू नका. आणि जिना उतरताना कठडा धरून उतरा, हे मी आता अधिकाराने सांगू शकतो. मुलांना आशीर्वाद पाठवा, लेकींना थोडा दम पाठवा, आणि माझ्यावर आहे तेवढीच माया राहू द्या, पडलो म्हणून कमी नको आणि वाढवूही नका.

तुमचा,
थोरला जावई
(सही त्यांच्या सांगण्यावरून मी केली आहे.)

ता. क.

आई हे डाव्या हाताने लिहितोय म्हणून थोडक्यात. त्याला पाणी आणायला पाठवलंय. म्हणजे बदकाला म्हटलं तहान लागली. तो उठला. कंस सगळे वाचले. आत्ताच वाचले. दुसऱ्या सुलट्याचं वर लिहिलंय ते सगळं खोटं. खाली कोणी राहत नाही. ती खोली रिकामी आहे. मला दुसरा कोणी नको. दुसऱ्याच्या तोंडावर माझा पाय पुढे पडणार नाही. रविवारच्या आत त्याला पत्र पाठवा. रागावून पाठवा. लिहा की मी सांगते म्हणून बोला. तुमचा हुकूम असला की कोणी हरलं असं होत नाही. मी ते खांद्याचं बोलायला नको होतं. सगळ्यांसमोर तर नकोच. त्याच्या खांद्याने मी वाचलो. हे त्याला कळू देऊ नका. आला वाटतं

ता. क. दुसरा

आई, हे पुन्हा मी, धाकटा. कंस काढून टाकले, कारण आता कंसाचं काम राहिलं नाही. मी पाण्याचा पेला घेऊन आलो तर दादा डाव्या हाताने घाईघाईने कागद उशीखाली खुपसत होते. मी बघतच राहिलो, आणि बघता बघता पेला कलंडला. हात पट्ट्यांमध्ये आहेत, नीट धरवत नाही. पाणी सगळं फरशीवरून कपाटाकडे ओघळलं. दादांना ते दिसलं नाही, कपाटाकडे त्यांची पाठ होती. ते बदकावरून उठले, कागद उशीखालून काढून कपाटात लपवायला निघाले आणि उलटेच निघाले, माझ्यावर नजर ठेवून. पाय बरोबर त्या पाण्याच्या कडेला आला. यावेळी मी विचार केला नाही. ओरडलो, "दादा, ओलं!"

पाय हवेतच थांबला. एकदम, जसा नेहमी थांबायचा तसा. त्यांनी मागे वळूनही बघितलं नाही. नुसते उभे राहिले एका पायावर आणि म्हणाले, "किती?" मी म्हटलं, "दोन पावलं. डावीकडून या." ते डावीकडून आले. मी त्यांना हाताला धरून बसवलं.  मी रडलो थोडा. दादा म्हणतात त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं ते घोट्यामुळे. स्वयंपाकघरातून भाजी चिरल्याचा आवाज पहिल्यांदाच यायला लागला.

कागद त्यांच्या हातातून मीच काढून घेतला आणि वाचला. मी वाचायला नको होता, पण पाकिटात मलाच घालायचा होता ना. तुम्ही रागावून पत्र पाठवू नका. हवं तर साधं पाठवा. क्रेनवाल्यांना मी आत्ताच नाही म्हणून कळवलं.

ता. क. तिसरा

हे पुन्हा मी सांगतोय, तो लिहितोय. दोन गोष्टींची नोंद असू द्या. एक, आधी तो बोलला. आणि 'दादा' म्हणून बोलला, सामान हातात नसताना, साक्षीदार म्हणून बदक आहे. (कंस परत घेतो. मी त्यांच्याशी नाही, पाण्याशी बोललो होतो.) दुसरी, ट्रॉली घ्यायचं ठरलं आहे. फोटो पुन्हा बघितला, वाईट नाही. फक्त ती जिन्यावरून उतरवतानाही एकाला खाली राहून उलटंच चालावं लागतं म्हणे. तर तो कोण, यावरून आमचं सध्या भांडण चालू आहे. तोंडी.